कॅम्परव्हॅनची दुसरी बॅटरी : आल्टरनेटर आणि सौर पॅनेलवरील चार्जिंग

कॅम्परव्हॅनमध्ये इंजिनाच्या बॅटरीखेरीज दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप आणि मोबाइल यांच्यासाठी जी स्वतंत्र बॅटरी बसवतात तिला इंग्रजी वळणाने लेझर (leisure, म्हणजे फुरसतीची) बॅटरी म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘दुसरी बॅटरी’ एवढे पुरते. ती दोन मार्गांनी भरते : गाडी चालू असली की आल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या वीज जनित्रावर, आणि उभी असली की टपावरच्या सौर पॅनेलवर. कोल्हापूरच्या गाड्यांना दोन्हींची गरज पडते, कारण इथल्या सहली जवळच्या असतात. पन्हाळा सुमारे २० किमी, गगनबावडा सुमारे ५५ किमी. एवढ्या अंतरात आल्टरनेटर बॅटरीत बरीच वीज घालतो, पण ती काठोकाठ भरत नाही. उरलेले काम उन्हाचे.

बॅटरीचा स्वभाव

इंजिनाच्या बॅटरीचे काम क्षणाचे असते. सेल मारला की दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग निवांत राहायचे. त्यासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. अशा बॅटरीवर रात्रभर पंखा चालवला तर थोड्याच दिवसांत ती कायमची बसते. दुसऱ्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात आणि खोलवर उतरून पुन्हा भरणे त्यांना सोसते. लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टरसोबत आलेली ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची, म्हणून घरातली जुनी ट्यूब्युलर गाडीत ठेवावी असे अनेकांच्या मनात येते. तसे करू नये. ती उंच आणि पाण्याची असते. घाटाच्या वळणावर ॲसिड हिंदकळते, आणि चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन झोपायच्या बंद जागेत साठणे धोक्याचे आहे. गाडीत सीलबंद एजीएम (काचतंतूंच्या गादीत ॲसिड मुरवलेली) किंवा जेल बॅटरी घ्यावी, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेटची.

१२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी सहा सेलची असते. पूर्ण भरून काही तास विसावल्यावर मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो, निम्मी उतरली की सुमारे १२.१. त्याखाली ती नेऊ नये. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर तासभर) बॅटरीतून वापरायला मिळतात ५०. लिथियममधून ८० ते ९०.

भरण्याची चाल मात्र नीट समजून घ्यावी लागते. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर वीज घेते. पुढे तिला १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवावे लागते आणि करंट हळूहळू उतरत जातो. हा शेवटचा टप्पा तीन ते पाच तासांचा असतो. तो दर वेळी अर्धवट सुटला तर प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक होते आणि बॅटरीची क्षमता घटत जाते. गाडीतल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या लवकर जातात त्याचे मोठे कारण हेच, आणि दोष मात्र बहुधा बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. लिथियमला काठोकाठ भरण्याचा असा आग्रह नसतो. ६०-७० टक्क्यांवर सोडली तरी तिचे बिघडत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, पण कोल्हापुरात तो प्रश्न येत नाही. लडाखला जाणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवावे.

चालत्या गाडीतून

आल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, आत एसी वीज तयार करतो आणि डायोडांतून तिची डीसी करून देतो. अनेक जुने मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात. त्यावर लिहिलेला ९० किंवा १२० अँपिअरचा आकडा इंजिन चढ्या फेऱ्यांवर असतानाचा असतो. आयडलिंगला त्याच्या निम्मेही मिळेल अशी खात्री नसते. म्हणून बॅटरी भरण्यासाठी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणे म्हणजे डिझेल जाळणे आहे.

जुन्या गाड्यांत आल्टरनेटर कायम १४.२ ते १४.४ व्होल्ट देत असे. तिथे दोन बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, घातला की भागायचे : १३.३ व्होल्टच्या आसपास तो जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि अनेक नव्या गाड्यांत आल्टरनेटर किती वीज देणार हे गाडीचा संगणक ठरवू लागला. अशी गाडी पन्हाळ्याचा चढ चढत असते तेव्हा इंजिनावरचा भार कमी करण्यासाठी आल्टरनेटर जवळपास आराम करतो आणि व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरते. उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तेच १५ च्या जवळ जाते. बिचारा रिले सारखा जोड-तोड करत राहतो आणि दुसऱ्या बॅटरीच्या वाट्याला फार थोडे येते. यावर उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. आत काहीही येवो, तो बाहेर बॅटरीला हवे तेच व्होल्टेज ठरलेल्या टप्प्यांत देतो.

लिथियमसाठी तर तो हवाच. लिथियमचा आतला रोध फार कमी असल्याने ती मिळेल तितका करंट ओढते. शिरोलीच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत इंजिन आयडलिंगला असते, आल्टरनेटरचा पंखा मंद फिरतो, आणि बॅटरी मात्र पूर्ण करंट मागते. अशाने वाइंडिंग तापते आणि डायोड उडतात. २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर या ओढीला लगाम घालतो. त्याला चावीची, म्हणजे इग्निशनची वायर द्यायला विसरू नये. ती नसेल आणि चार्जर सुरूच राहिला, तर इंजिन बंद असतानाही तो पुढची, म्हणजे इंजिनाची बॅटरी ओढत राहतो आणि सकाळी गाडी सेल घेत नाही.

यंत्रापेक्षा वायरकडे जास्त लक्ष द्यावे. समजा पुढच्या बॅटरीपासून मागच्या कपाटापर्यंत ५ मीटर अंतर आहे. जाऊन-येऊन १० मीटर. ३० अँपिअर वाहत असताना ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच संपतात. म्हणजे साध्या रिलेच्या जोडणीत १४.२ निघाले आणि १३.३ पोहोचले, एवढ्यावर लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. तीच वायर १६ स्क्वेअरची घेतली की गळती ०.३३ व्होल्टवर येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगची लवचिक केबल मिळते, ती या कामाला छान. फक्त कापून आतला रंग बघून घ्यावी, कारण ॲल्युमिनियमचीही येते आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. वायरीच्या टोकाचा लग हातोडीने ठोकून न बसवता क्रिंपिंग मशीनने दाबून घ्यावा. बॉडी अर्थ (परतीच्या वायरीऐवजी गाडीचा पत्रा) घेणार असाल तर रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घ्यावा. वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज लागतो, कारण वीज दोन्हीकडे आहे. मधे कुठे वायर घासून पत्र्याला लागली तर दोन्ही बाजूंनी जाळ होऊ शकतो.

उन्हावर

कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि २१ डिसेंबरलाही दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ५० अंश वर असतो. लंडनला त्या दिवशी तो जेमतेम १५ अंशांवर असतो, म्हणून तिकडे पॅनेल कलते करण्याची खटपट करतात. इथे टपावर सपाट बसवलेले पॅनेल बाराही महिने चालते.

१०० वॉटचे पॅनेल सुमारे १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर देते. पॅनेल आणि बॅटरी यांच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली ओढतो. अँपिअर तेवढेच राहतात आणि हाती येतात ७२ वॉट. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचे अँपिअर करून देतो. घराच्या छतावरची ३०-४० व्होल्टची मोठी पॅनेल गाडीवर लावायची असतील तर एमपीपीटीशिवाय गत्यंतर नाही. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, काढताना उलट.

उन्हाबरोबर ताप येतो. एप्रिलमध्ये टपाच्या पत्र्याला चिकटलेले पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज जाते, आणि २५ अंशांवरच्या लिखित वॉटांपैकी सुमारे १५ टक्के तिथेच जातात. खाली तीन-चार बोटांची फट ठेवली तर वारा फिरतो. सावली त्याहून वाईट : कॅरियरच्या एका आडव्या दांडीची सावली मोजक्या सेलांवर पडली तरी निम्म्या पॅनेलची वीज जाऊ शकते. आंब्याखाली गाडी लावायचा मोह होतोच. मग पॅनेलकडून काही अपेक्षा धरू नये. आणि खास या जिल्ह्याची गोष्ट म्हणजे गळीत हंगाम. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हिवाळ्यात धुराड्यांतून बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेचे काळे कण उतरतात, नेमक्या त्या दिवसांत जेव्हा आभाळ सर्वांत निरभ्र असते. कोरड्या फडक्याने पुसल्यास काच खरवडते. भरपूर पाणी ओतून, मग ओल्या कापडाने हलकेच पुसावे, तेही पहाटे, पॅनेल थंड असताना.

पन्हाळ्याचा एक दिवस

छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, २८ वॉटचा पंखा आठ तास, दिवे, दोन मोबाइल आणि थोडा लॅपटॉप : चोवीस तासांना साधारण ५५ अँपिअर-तास. कोल्हापुरातून वर जायला पाऊण तास धरला आणि डीसी-डीसी चार्जरने २५ अँपिअर दिले, तर जमा सुमारे १९. टपावर २०० वॉटचे पॅनेल असेल आणि दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन धरले, तर तोटा वजा जाता सुमारे ७५० वॉट-तास, म्हणजे ५५ ते ५८ अँपिअर-तास. खर्च आणि जमा जुळली. शिवाय उन्हाचे दान हळू आणि लांबत येते, जे त्या शेवटच्या तीन ते पाच तासांच्या टप्प्याला नेमके हवे असते.

जुलैत गगनबावड्याला हा हिशेब कोलमडतो. दाट ढगांत पॅनेल दहा-वीस टक्क्यांवर येते, आणि तेव्हा चालती गाडीच खरी. पावसाळी सहलीत मुक्काम एका जागी न ठेवता रोज दीड-दोन तास गाडी चालवायचा बेत आखावा, किंवा फ्रिज बंद ठेवावा.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची विचारपूस वाढू शकते. वायरिंगला हात घालण्यापूर्वी एक पाहावे : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल करता येत नाहीत. सीट काढणे, टप कापणे यांसारख्या कामाआधी आरटीओत विचारून घ्यावे.

सहलींमधल्या काळात गाडी आठवडेच्या आठवडे अंगणात उभी असते. लेड-ॲसिड बॅटरी तेवढ्यात आपोआपही थोडी उतरते, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात जास्तच. गाडी शेडमध्ये न ठेवता उघड्यावर ठेवली, तर भर पावसातल्या आभाळातूनही पॅनेल एक-दोन अँपिअर देत राहते. उभ्या गाडीच्या बॅटरीला तेवढे पुरते.