वशिंड नसलेला बैल

१९११-१२च्या हंगामात देवदत्त रामकृष्ण भांडारकर सिंधमधल्या एका टेकाडावर पोहोचले. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे तिथल्या पडझडीची पाहणी पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाकडे, म्हणजे भांडारकरांकडे होती. टेकाडावर विटांचा एक पडका बुरूज (पुढे तो स्तूप ठरला) आणि चहूकडे विटांचा खच. भांडारकरांनी सगळं फिरून पाहिलं आणि अहवालात लिहिलं की हे गाव जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचं असावं, विटा अलीकडच्या धाटणीच्या आहेत आणि मातीचं कोरीव काम तर कुठेच दिसत नाही.

ते टेकाड म्हणजे मोहेंजोदडो, सिंधू संस्कृतीतलं शहर. अंदाज सुमारे चार हजार वर्षांनी हुकला.

भांडारकर कच्चे अभ्यासक होते म्हणून हे झालं, असं कुणी समजू नये. शिलालेख आणि नाणी यांतला त्यांचा अधिकार मोठा होता. पण त्या काळी भारतातल्या जुन्या इमारतींची ओळख साधारण मौर्यकाळापाशी थांबत होती. त्याआधीची वीट कशी असते हे कुणी पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कशी? भट्टीत भाजलेली, सुबक, एकसारखी वीट दिसली की ती नवी, हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता. आज जाडी, रुंदी आणि लांबी यांचं १:२:४ हे प्रमाण पाहिलं की अभ्यासक कान टवकारतात. तेव्हा ते प्रमाण कुणाला काही सांगत नव्हतं.

तिकडे पंजाबात, मोहेंजोदडोपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, हडप्पाचीही हीच गत होती. चार्ल्स मॅसन नावाचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातून पळालेला शिपाई हे टेकाड पाहून गेला. १८४२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते अलेक्झांडरच्या काळातलं शहर मानलं. अलेक्झांडर कनिंगहॅम १८५३ आणि १८५६मध्ये तिथे गेले. पुढे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून पुन्हा गेले, तोवर मधल्या काळात लाहोर-मुलतान रेल्वेच्या कंत्राटदारांनी टेकाड उकरून रुळांखाली खडी म्हणून विटा घातल्या होत्या. सुमारे शंभर मैल लोहमार्गाला पुरतील इतक्या विटा तिथून गेल्या असं कनिंगहॅमनीच लिहून ठेवलं आहे. एका प्राचीन शहरावरून मालगाड्या धडधडत होत्या आणि तक्रार करायलाही कुणी नव्हतं.

कनिंगहॅमच्या हाती तिथली एक मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचा कोरीव शिक्का, आली. मेजर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याला सापडलेली. काळसर गुळगुळीत दगड, त्यावर बैल, वर सहा अक्षरं. १८७५च्या अहवालात त्यांनी तिचं चित्र छापलं आणि निर्वाळा दिला की अक्षरं भारतीय नाहीत, बैलाला वशिंड नाही, तेव्हा ही मुद्रा परदेशी आहे. वशिंडावरून नागरिकत्व ठरवण्याची ही पद्धत आज गमतीची वाटते. पण एक काम त्यांनी चोख केलं, ते म्हणजे चित्र छापलं. त्यामुळे मुद्रा कुणीही पाहू शकत होतं. १९१२मध्ये शिलालेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी हडप्पाच्या अशा तीन मुद्रा एकत्र छापल्या, तरी गाडं तिथेच अडलं.

याच्या अगदी उलट गोष्ट लुईजी पिओ टेसिटोरी या इटालियन पंडिताची. राजस्थानी भाषेच्या ओढीने तो बिकानेरला आला. तिथल्या संस्थानात फिरताना १९१७-१८च्या सुमारास कालीबंगा इथे त्याला काही मुद्रा मिळाल्या. त्यांवरची चिन्हं ओळखीच्या कुठल्याच लिपीतली नव्हती, आणि त्याला या गोष्टीचं महत्त्व जाणवलं होतं हे त्याच्या पत्रांवरून दिसतं. पण छापून काही आलं नाही. आईच्या आजारपणासाठी तो इटलीला गेला, परतताना बोटीवर इन्फ्लुएन्झाने गाठलं आणि नोव्हेंबर १९१९मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बिकानेरलाच वारला. मुद्रा सापडल्या होत्या, पारखी नजरही लाभली होती, तरी कालीबंगा पुढे तीन दशकं अंधारात राहिलं.

दयाराम साहनींनी १९२१मध्ये हडप्पाला आणि राखालदास बॅनर्जींनी १९२२मध्ये मोहेंजोदडोला खोदकाम सुरू केलं. बॅनर्जी स्तूपाच्या आशेने गेले होते, त्यांना स्तूपाच्या आसपास वेगळ्याच मुद्रा मिळाल्या. दोन्हीकडच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांची खात्री पटली की एवढ्या अंतरावरची ही दोन टेकाडं एकाच संस्कृतीची आहेत. पण कधीची? याचं उत्तर भारतात कुणाकडेच नव्हतं.

मग मार्शलनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. जाडजूड अहवालाची वाट न पाहता २० सप्टेंबर १९२४च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला, सोबत मुद्रांची आणि अवशेषांची छायाचित्रं. सामान्य वाचकांचं साप्ताहिक ते. पुढच्याच अंकात, म्हणजे सातच दिवसांनी, ऑक्सफर्डचे ए. एच. सेस यांचं पत्र आलं. अशाच मुद्रा इराणातल्या सुसा इथे फ्रेंच उत्खननात मिळाल्या आहेत आणि त्या इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातल्या आहेत! त्याच्या पुढच्या अंकात ब्रिटिश म्युझियमचे गॅड आणि स्मिथ यांनी इराकमधल्या प्राचीन सुमेरशी असलेली साम्यं मांडली. इराकमध्ये किश इथे खोदणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांनी आपल्याकडेही तशीच मुद्रा मिळाल्याचं मार्शलना कळवलं. पन्नास वर्षांत जे सुटलं नव्हतं ते काही आठवड्यांत सुटलं, आणि भारताचा इतिहास दोन-अडीच हजार वर्षांनी मागे सरकला.

हे जुळलं कसं, ते नीट पाहायला हवं. मुद्रा एकट्याने आपलं वय सांगत नाही. ती कुठल्या थरात होती आणि त्या थरात आणखी काय होतं, यावरून वय ठरतं. मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेर आणि किश जिथे होते त्या प्राचीन इराकच्या भागात, राजांच्या याद्या होत्या, वाचता येणारे लेख होते, त्यामुळे तिथल्या थरांना वर्षं चिकटवता येत होती. त्या थरात सिंधूकाठची मुद्रा मिळाली, म्हणजे ती घडवणारं शहर निदान तितकं जुनं. जुन्या कोळशातल्या, हाडांतल्या कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धत यायला अजून पंचवीस वर्षं होती, आणि ती आल्यावरही इसवी सनापूर्वी साधारण २६०० ते १९०० हाच काळ या शहरांच्या भरभराटीचा ठरला. मेजर क्लार्कच्या मुद्रेला मात्र थरच नव्हता. टेकाडावर कुठेतरी मिळालेली वस्तू, एवढीच तिची ओळख.

थर नोंदवण्यात मार्शलही कमी पडले. त्यांच्या पद्धतीत वस्तू एका ठरावीक पातळीपासून किती खोल मिळाली ते लिहीत. टेकाड काही सपाट रचलेलं नसतं. जुनी गल्ली आणि तिच्यावर कलंडलेली पुढच्या पिढीची भिंत एकाच खोलीवर येऊ शकतात, मग शंभर-दोनशे वर्षांचं अंतर असलेल्या वस्तू कागदावर समकालीन होतात. यावर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४मध्ये महासंचालक झाल्यावर सडकून टीका केली. टीका रास्त होती. गंमत म्हणजे या ढिसाळ नोंदींवरून सगळ्यात नाट्यमय गोष्ट रचली ती व्हीलर यांनीच. मोहेंजोदडोत वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेले ३७ सांगाडे एकाच कत्तलीतले मानून १९४७मध्ये त्यांनी आर्यांच्या आक्रमणाकडे, थेट इंद्राकडे बोट दाखवलं.

व्हीलर बोलायला आणि लिहायला जबरदस्त. पुढे ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ते लोकप्रियही झाले. साहजिकच कत्तलीची गोष्ट पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली. १९६४मध्ये जॉर्ज डेल्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने जुने छापील अहवाल पुन्हा काढले आणि सांगाडा कुठे, किती खोल, शेजारी काय, हे एकेक करून तपासलं. सांगाडे एका काळातले नव्हतेच. जळिताची, शस्त्रांची, लढाईची खूण नव्हती. नंतर केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तर प्राणघातक म्हणावेत असे घाव जवळपास नव्हतेच. नोंदी सदोष असूनही छापलेल्या होत्या, म्हणून मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करता आली. कुणाच्या कपाटात राहिल्या असत्या तर आपण आजही ती कत्तल शिकत असतो. (काही जण अजून शिकवतात, तो भाग वेगळा.)

उत्खननात एक क्रूर अट असते. थर एकदा काढला की तो पुन्हा कुणालाच काढता येत नाही. म्हणून अहवाल न लिहिणाऱ्या उत्खननाला मी तरी नासधूसच म्हणेन, खोदणारा कितीही नामवंत असो. या बाबतीत आपला इतिहास फारसा उजळ नाही. बॅनर्जींनी मोहेंजोदडोवर लिहिलेला अहवाल ते १९३०मध्ये गेल्यानंतरही पडून राहिला आणि १९८४मध्ये छापला गेला. टेसिटोरीच्या कालीबंगात १९६०च्या दशकात मोठं उत्खनन झालं. हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत, नांगराच्या एकमेकांना छेदणाऱ्या तासांसकट, तिथे मिळालं. त्या उत्खननाच्या अहवालाचा पहिला भाग २००३मध्ये आला. दरम्यान खोदणाऱ्यांची एक अख्खी पिढी निवृत्त झाली.

याच कारणाने गेल्या काही दशकांतलं बरंच मोलाचं काम टेकाडांवर न होता दप्तरांत आणि संग्रहालयांच्या खणांत झालं आहे. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी मोहेंजोदडोच्या जुन्या छायाचित्रांवरून आणि नोंदवह्यांवरून वस्तूंच्या मूळ जागा शोधण्याचा प्रयत्न केला. प्रशासकीय सेवेत असलेल्या इरावतम् महादेवन यांनी १९७७मध्ये सिंधू लिपीतल्या लेखांची चिन्हवार सूची काढली, तीत चारशेहून अधिक चिन्हं आहेत. फिनलंडचे अभ्यासक आस्को पारपोला यांनी भारतीय आणि पाकिस्तानी सहकाऱ्यांबरोबर मुद्रांच्या छायाचित्रांचे खंड १९८७पासून प्रसिद्ध केले. लिपी अजून वाचता आलेली नाही. पण आता ती वाचून दाखवण्याचा दावा कुणी केला, तर तो याच छायाचित्रांवर घासून पाहता येतो, आणि आजवरचे बहुतेक दावे तिथेच आपटले आहेत.