बोअरचं पाणी आणि बायकांचे केस : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

परभणी, बीड, लातूरकडच्या एखाद्या मुरलेल्या पार्लरवालीकडं जाऊन केस राठ झालेत, गुंता सुटत नाही, अशी तक्रार केली, तर ती केसांना हात लावायच्या आधीच विचारते, "पाणी नळाचं का बोअरचं?" बाहेरून आलेल्या बाईला हा प्रश्न विचित्र वाटेल, इथल्या बाईला वाटत नाही. आमच्याकडं ज्यांना अवघड केस म्हणतात, त्यातले बरेचसे मुळात अवघड नसतात. केसांना पाणी लागतं, वेळ लागतो आणि त्यांचं काय करायचं हे ठरवायचा हक्क लागतो. या तिन्ही गोष्टी मराठवाड्यातल्या बाईच्या हातात फार उशिरा आल्या. काहींच्या हातात अजून आलेल्या नाहीत.

आधी पाण्याचं बघू. इथली जमीन काळ्या बेसॉल्ट खडकावर बसलेली आहे. या खडकातून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं, आणि जितकं खोल जावं तितका क्षार साधारणपणे वाढतो. पूर्वी गावं आड, बारव आणि नदीतल्या झिऱ्यांवर जगायची. पावसाचं ताजं पाणी तिथं मिसळत राहायचं. १९७२ च्या दुष्काळात हे उथळ पाणी आटलं आणि खडक फोडणारी यंत्रं गावोगाव आली. पुढं देशभर गेलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाचं मूळ शोधत गेलं, तर ते सोलापूर पंपातून आपल्या जालन्याच्या पंपापर्यंत येतं. हापशानं बायकांची पायपीट कमी केली, यात शंका नाही. पण हापसा आणि पुढं विजेवरची बोअर, या दोन्हींनी घरात आणलेलं पाणी खोल खडकातलं होतं. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. आमच्याकडं बऱ्याच गावांत हा दुसरा स्रोत नसतोच.

अशा पाण्यात साबण लावला की फेस होत नाही. साबणातली स्निग्धाम्लं कॅल्शियमला धरतात आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या काठावर पांढरी कड दिसते, तीच ही. केसांवरही तो साका बसतो. केस धुतल्यावर जास्तच चिकट लागतात, वाळले की ताठ होतात, फणी अडते. खाऱ्या पाण्यानं केस मुळापासून गळतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. गुंता मात्र वाढतो, तो ओढून सोडवताना केस मधेच तुटतात, आणि फणीत आलेला पुंजका बघून बाई घाबरते.

आपल्या आज्या-पणज्या शिकेकाई, रिठा वापरायच्या, त्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे. त्यातला फेस सॅपोनिन या झाडातल्या फेसाळ द्रव्याचा असतो. तो साबणासारखा कॅल्शियमला धरून बसत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यातही निभावतो. पण शिकेकाईचं कौतुक करणारे एक गोष्ट सोडून देतात. शेंगा भिजवायच्या, चुलीवर उकळायच्या, गाळायच्या, आणि मग केसांतली भुकटी निघेपर्यंत बादलीमागून बादली ओतायची. सरपण आणि पाणी दोन्ही बाईनंच आणायचं. त्यामुळं कष्टकरी घरात शिकेकाई सणावारालाच निघायची. एरवी हाताशी येईल ते : काळी माती, ताक, बेसन, नाहीतर कपड्याच्या साबणाची वडी. तेलाचंही तसंच. नारळ आपल्या भागातला नाही, इथं करडई आणि भुईमूग. लेकीबाळींच्या डोक्याला घाण्यावरचं तेलच चोळलं जायचं. खोबरेल डबे-बाटल्यांतून आलं आणि टिकलं, कारण ते केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी झिजतं. अभ्यासांतही हे दिसलं आहे.

मग शाम्पूची पुडी आली. १९८३ मध्ये तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शाम्पूच्या स्वस्त पुड्या बाजारात आणल्या आणि पुढं सगळ्याच कंपन्यांनी तीच वाट धरली. मराठवाड्यात किराणा दुकानाच्या दारात रंगीत पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. शाम्पूत साबण नसतो, त्यामुळं बोअरच्या पाण्यातही फेस होतो. या पुडीला शहरी लोक नावं ठेवतात, रसायन म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला पहिल्यांदा, चूल न पेटवता, स्वतःच्या पैशानं केस मोकळे वाटतील अशी वस्तू मिळाली होती.

पाणीच नसेल तिथं मात्र पुडीही कामाची नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या गाडीला १० टँकर होते, प्रत्येकात सुमारे ५०,००० लिटर. टंचाईत घरातली पहिली कपात होते ती बायकांच्या डोक्यावरून अंघोळीची. पुरुषाचं डोकं दोन तांब्यांत होतं, कंबरेपर्यंतच्या केसांना दोन बादल्या लागतात. त्यात पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलंच पाहिजे, हा धाक वेगळाच. शिवाय ते पाणी आणायचं डोक्यावरूनच. वर्षानुवर्षं चुंबळ आणि हंडा घासून टाळूवरचे केस विरळ झालेल्या बायका आमच्या गावांत कमी नाहीत. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे सहा-सहा महिने फडावर जातात. पाचटाची कूस केसांत शिरते, पहाटे उठून कोयता घ्यायचा असतो, अंबाडा सोडून विंचरायला सवड कुठली?

आता कात्रीकडं वळू. गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक, पण त्याचं काम पुरुषांचं. बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा तो नवस फेडताना, नाहीतर नवरा गेल्यावर. केशवपन ब्राह्मण आणि काही वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींत होतं, आणि ते बाईला विचारून होत नसे. १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. फुल्यांच्या सत्यशोधक विचारातून आलेलं हे पाऊल कष्टकरी पुरुषांनी बायकांसाठी उचललेलं आहे, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. लाल आलवणातल्या, डोकं झाकलेल्या म्हाताऱ्या इथल्या वाड्यांतून विसाव्या शतकातही दिसत होत्या. लांब केस म्हणजे सवाष्णपण आणि केस कापणं म्हणजे अवदसा, हे समीकरण एवढं घट्ट बसलं की ज्या जातींत केशवपन नव्हतं, तिथंही आई मुलीच्या केसांना कात्री लावू द्यायची नाही.

कापायला बंदी होती, तशी काही बायकांना विंचरायलाही बंदी होती. जट कशी होते ते अगदी साधं आहे. केस विंचरले नाहीत, उवा-लिखा झाल्या, तेल, धूळ आणि घाम साचला की बटा एकमेकींत विणल्या जातात आणि पुढं त्यांची घट्ट दोरी बनते. पण आजारपणात, बाळंतपणानंतर किंवा कामाच्या रगाड्यात झालेल्या या गुंत्याला 'देवी आली' म्हटलं की सगळं बदलतं. त्यावर हळद-कुंकू वाहायचं, फणी लावायची नाही, कापली तर कोप होईल. तुळजापूर, येरमाळा, माहूर ही देवीची ठाणी असलेल्या आपल्या भागात परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या काही बायकांच्या डोक्यावर अशा जटा दिसतात. मान दुखते, खाज सुटते, जखमा होतात, कुशीवर झोपता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जटानिर्मूलनाचं काम राज्यभर केलं. त्यात पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा काढल्या. त्या आधी ब्युटी पार्लर चालवायच्या. कात्री चालवायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो आधीच्या बोलण्यात. बाईची भीती घालवायची, मग नवऱ्याची, सासूची, कधी सगळ्या गल्लीची. तिच्या संमतीशिवाय जट काढली, तर ती वस्तऱ्यासारखीच जबरदस्ती होईल, हे या कार्यकर्त्या ओळखून असतात.

विंचरलेल्या केसांनाही किंमत होती. 'केसावर भांडी' अशी हाक देत फिरणाऱ्या बायका फणीतले पुंजके घेऊन पिन, फुगा किंवा वाटी देतात. असे केस साफ होऊन टोप-गंगावनाच्या धंद्यात जातात. त्याची एक मोठी पेठ कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला आहे. आपल्यासारखाच तोही निजामाच्या राज्यातला मुलूख.

पार्लर आपल्याकडं आलं ते साधारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, आधी औरंगाबाद आणि नांदेडला, मग तालुक्यांना. ते बाजारपेठेत कमीच आलं. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक खुर्ची, दाराला पडदा आणि 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. पुरुषांचं सलून रस्त्यावर उघडं असतं, बायकांचं दार बंद. त्या बंद दारामुळंच सासरचे परवानगी द्यायचे. शिवण, पापड यांच्या जोडीला बचत गटांनी आणि पुढं बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी पार्लरचा महिनाभराचा वर्ग घेतला, आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम आला. पिढ्यान्‌पिढ्या एका जातीला बांधलेलं काम सगळ्या जातींच्या आणि धर्मांच्या मुली शिकल्या. गिऱ्हाईक जात बघत नाही, असं मी म्हणणार नाही. पण शिकायला जात आडवी आली नाही, ही मोठी गोष्ट होती. बहुतेकींची कमाई आयब्रो आणि लग्नसराईतल्या नवरीच्या मेकअपवर. केस कापायचे म्हटलं तर 'यू कट', तोही घरी कळणार नाही इतकाच. २०२० च्या टाळेबंदीत २८ जूनपर्यंत ही दारं बंद राहिली आणि लग्नसराई पाण्यात गेली. त्यातून काहींनी धंदा गुंडाळला तो कायमचा.

शिक्षण महिनाभराचं, त्यात कुरळ्या केसांना जागा नसते. लहानपणापासून 'डोक्याचा खराटा झालाय' हे ऐकत आलेल्या मुलीला पार्लरमध्येही एकच उपाय सांगतात : सरळ करून घे. स्मूदनिंगमध्ये केसातले बंध रसायनानं तोडून इस्त्रीनं सरळ बसवतात, पण मुळाशी उगवणारा केस कुरळाच येतो, म्हणून दर काही महिन्यांनी पुन्हा खर्च. केराटिन नावानं चालणाऱ्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. गिऱ्हाईक दोन-तीन तासांनी निघून जातं, पार्लरवाली त्याच बंद खोलीत दिवसभर बसते. केस सरळ करायची, ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेली उत्पादनंही निर्धोक नाहीत. केस सरळ करून घेतल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला दर वेळी इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. कुरळे केस ओले असताना, तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर सोडवायचे, एवढं तरी प्रशिक्षणात शिकवलं पाहिजे. त्याला पैसे लागत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं. पहिला संशय गेला तो पाण्यावर. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडं, म्हणजे एका खनिजाकडं, बोट दाखवलं. केसांचं कारण ताटात असू शकतं, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांना कळली. पण ताटातलं कमी पडणं हे आपल्याकडं नेहमीचंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि लोह कमी पडलं की केस झडतात. त्यावर हेअर स्पाचा उपयोग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं, लोहाच्या गोळ्याही मिळतात. काही पार्लरवाल्या गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असूनही आधी रक्त तपासून या म्हणून सांगतात.