नवे पॅड की मोठे ब्रेक?

गाडीचे ब्रेक पूर्वीसारखे लागत नाहीत असं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे, नवे टाकून घे. दुसरा म्हणतो आता ब्रेक अपग्रेडच कर, म्हणजे मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर लाव. चाक काढायचं, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर सोडायचा, जुनं काढून नवं बसवायचं, इतकं दोन्हीकडे सारखंच असतं. त्यामुळे अपग्रेड म्हणजे पॅड बदलण्याचंच काम, फक्त जास्त पैशांचं, अशी समजूत होते. पण पॅड बदलल्यावर गाडी कंपनीने दिलेल्या मूळ ब्रेकवर परत येते, तर अपग्रेडमध्ये मुख्यतः ब्रेकची उष्णता सोसण्याची ताकद वाढते. झिजेची तक्रार आणि तापण्याची तक्रार या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

गाडी किती अंतरात थांबेल, यावर शेवटचा शब्द टायरचा असतो, हे आधी मान्य करायला हवं. मोकळ्या, कोरड्या, सुरक्षित जागी जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली एबीएसची (चाक लॉक होऊन घसरू न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवत असेल, तर ब्रेककडे टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आधीच आहे. अशा गाडीला आणखी मोठे ब्रेक लावले तरी तो एक थांबा जवळजवळ तेवढ्याच अंतरात होणार. अंतर कमीच करायचं असेल, तर तेच पैसे मी चांगल्या टायरवर घालेन.

मग मोठे ब्रेक लागतात कशाला? उष्णतेसाठी. १२०० किलोची गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून जास्त साधं पाणी उकळीला येईल. ताशी ५० वरून थांबताना हीच ऊर्जा चौथा हिस्सा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. एक थांबा कुठल्याही निरोगी ब्रेकला जड नाही. जड जातो तो डिस्क थंड व्हायच्या आत पुन्हा पुन्हा लावलेला ब्रेक. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा सुमारे ५९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. खालच्या गिअरमध्ये उतरलं की त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. त्याला खर्च शून्य, आणि बहुतेक गाड्यांना तेवढंच पुरतं.

हा फरक शर्यतीत सगळ्यांनी पाहिला. १९५३ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइप या गाडीने डिस्क ब्रेकवर जिंकली. जुन्या पद्धतीच्या बंदिस्त ड्रम ब्रेकपेक्षा उघडी डिस्क लवकर निवते, त्यामुळे तासन्‌तास ब्रेक मारूनही ते चालकाला भरवशाचे राहिले.

ब्रेक तापून कमी लागायला लागले की काय बिघडलं ते पेडल सांगतं, आणि इथे लक्ष दिलं तर बराच खर्च वाचतो. पेडल कडक आहे, पाय जोरात दाबतोय, तरी गाडी आवरत नाही, असं असेल तर पॅडचा मसाला (घासणारा थर) त्याच्या झेपेपलीकडे तापला आहे. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर पायाचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल उकळलं आहे. त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत, आणि पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यात वाया जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत. त्यामुळे कित्येक वर्षं न बदललेलं ऑइल हेच ‘कमी पडणाऱ्या’ ब्रेकचं कारण असू शकतं. अशा वेळी ना पॅड लागतात ना मोठी डिस्क.

आता घरी पॅड बदलण्याचं काम. सपाट, टणक जमीन हवी, चाकांना अडसर हवा. नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल करायचे. गाडी जॅकने उचलायची, पण नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचं नाही. जॅक स्टँड लावायचा. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे क्लिप कशी बसते हे विसरलं तर दुसरी बाजू समोर असते. पॅड मात्र एका ॲक्सलचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, दोन्हीकडचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

काढलेला कॅलिपर रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. मग जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून नीट बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिना बहुधा अडकल्या आहेत, म्हणून बाहेरचा पॅड पुरता दाबलाच जात नव्हता. तसेच नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजतील. पिना साफ करून त्यासाठीचं ग्रीस लावायचं, ते पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला लागू द्यायचं नाही. डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याखाली गेली असेल तर तीही बदलायची. पॅडचा मसाला साधारण ३ मिमी उरला की त्याचं काम संपलं समजावं. काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ती श्वासात जाते. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन सावकाश मागे दाबायचा आणि तेव्हा ऑइलच्या टाकीकडे लक्ष ठेवायचं, कारण पातळी वर येते, आणि सांडलेलं ऑइल रंग खातं. मागच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाकायचा. जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळायचे. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक करून घ्यायचंच. पिस्टन मागे असल्यामुळे पहिला दाब तळाला जातो, आणि तेव्हा गाडी चालू पडलेली असेल तर ती थांबणार नाही.

एवढी काळजी घेणाऱ्याला हे काम घरी जमतं. मोठ्या ब्रेकचं किट घरी बसवावं, असं मात्र मी कुणालाही म्हणणार नाही. २६० मिमीच्या जागी ३०० मिमीची डिस्क लावली की तेवढ्याच दाबाला पुढचं चाक १५ टक्क्यांहून जास्त जोराने धरलं जातं. ऐकायला छान वाटतं, पण पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने हिशोबाने बसवलेला असतो. फक्त पुढचे वाढवले तर पुढची चाकं लवकर लॉकच्या हद्दीत येतात, मागची आपला वाटा पूर्ण उचलत नाहीत, आणि थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल लांब जातं. एबीएसही जुन्या भागांना धरूनच जुळवलेलं असतं. शिवाय डिस्क रिममध्ये मावली पाहिजे, आणि होज उघडल्यामुळे पूर्ण ब्लीडिंग करून हवा काढावी लागते. भोकं पाडलेली डिस्क रस्त्यावरच्या गाडीला मी सुचवत नाही, सतत तापली की भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात.

दोन्ही कामांची गल्लत सर्वात जास्त होते ती ‘परफॉर्मन्स’ पॅडमध्ये. बसवायला तेच काम, पण मसाला बदलला म्हणून हे छोटं अपग्रेडच. पॅडवर छापलेल्या सांकेतिक अक्षरांत शेवटची दोन इंग्रजी अक्षरं घर्षणाची असतात, पहिलं साधारण तापमानाचं आणि दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. खास ट्रॅकसाठीचे पॅड मात्र रोजच्या गाडीत नकोच. ते गरम झाल्याशिवाय धरत नाहीत, आणि सकाळी पहिल्या वळणावर ब्रेक थंडच असतात. घाटात पेडल कडक राहूनही ब्रेक हरत असतील, तर थंडीतही धरणारे चांगल्या प्रतीचे रस्त्याचे पॅड आणि ताजं ऑइल यावर बहुतेकांचं काम भागतं. मोठी डिस्क त्यांच्यासाठी, जे गाडी ट्रॅकवर नेतात किंवा कायम जड ओझं ओढतात.

काहीही बसवा, नवे पॅड डिस्कला बसायला थोडा वेळ द्यावा लागतो. पॅड बनवणाऱ्याने पद्धत दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल तर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून मध्यम जोराने वेग १०-१५ पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, जरा चालवा आणि असं आठ-दहा वेळा करा. नंतर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. पहिले काहीशे किलोमीटर समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.