नवा चाकू कोणताही कापतो

घरच्या स्वयंपाकासाठी चाकू घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानात चाकू घ्यायला येणाऱ्या बहुतेकांच्या घरी चाकू आधीच असतात, चांगले चार-पाच. एक प्रदर्शनात घेतलेला, एक भिशीत मिळालेला, एक कशासोबत तरी फुकट आलेला. तरीही सकाळच्या घाईत सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरायला हात विळीकडेच जातो, कारण त्या पाचांपैकी एकालाही धार नसते.

मागच्या उन्हाळ्यात महाल भागातून एक काकू आल्या. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला चाकू काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, दिवाळीतच घेतला जी हा, अन् आता टमाटरही कापत नाही. दाबला की पिचकतो." चाकू देखणा होता. पात्यावर लाटांची नक्षी, काळी चकचकीत मूठ. आम्ही तो धार वर करून दिव्याखाली धरला. धारेवर पांढरी रेघ चमकली. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावर उजेड थांबत नाही. जिथे रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे धार बसलेली, म्हणजे बोथट झालेली, असते. दगडावर घासून दिल्यावर टमाटर कापला गेला, काकू खूश होऊन गेल्या आणि आठ दिवसांनी तोच चाकू घेऊन परत आल्या. धार लावण्यात खोट नव्हती. स्टीलच मऊ होतं.

म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो की दुकानात चाकू कापतो का हे बघून तो घेऊ नका. नवा चाकू कोणताही कापतो. विचारायचं ते हे, की धार किती दिवस टिकेल आणि गेल्यावर घरच्या घरी पुन्हा लागेल का. खाली जे काही लिहिलं आहे ते या दोन प्रश्नांसाठीच.

बोथट चाकूने काय होतं, ते आधी बघा. धारदार पातं कांद्याच्या पेशी कापत जातं, बोथट पातं त्या चिरडतं. जितक्या पेशी चिरडतात तितका डोळ्यांना झोंबणारा वायू जास्त सुटतो. सावजी रस्स्यासाठी दोन किलो कांदा चिरणाऱ्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. सांबाराचंही तसंच. चिरून झाल्यावर पाटावर हिरवं पाणी उतरलं असेल, तर पानं कापली गेली नाहीत, चेंगरली गेली. तो सांबार पाटवडीवर पेरेपर्यंत काळा पडतो आणि त्याचा अर्धा वास पाटावरच राहतो.

अपघातही बोथट चाकूनेच जास्त होतात. आमच्या घरी बोंडांसाठी कोहळं फोडताना आईच्या अंगठ्याला तीन टाके पडले. पातं सालीत शिरेना म्हणून तिने जोर लावला, ते सालीवरून घसरलं आणि सगळा जोर अंगठ्यावर आला. चाकूला धार असती तर जोर लावावाच लागला नसता. कोहळं कापताना आधी त्याची एक बाजू सपाट करून घ्या म्हणजे ते पाटावर डुगडुगत नाही, मग टोक रोवून पातं खाली दाबत न्या.

आता स्टीलबद्दल. हा भाग थोडा लांब आहे, पण वाचाच, कारण फसगत इथेच होते.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते सहजी गंजत नाही. पण सगळं स्टेनलेस सारखं नसतं. आपली चांगली भांडी ज्या ३०४ स्टीलची असतात, त्यात निकेलही असतं आणि ते तापवून बुडवलं तरी कडक होत नाही. लोहाराच्या भाषेत, त्याला पाणी देता येत नाही. ताटाला ते उत्तम, पात्याला निरुपयोगी. चाकूचं स्टील वेगळं: त्यात कार्बन पुरेसा हवा आणि त्याला पाणी दिलेलं हवं. हे ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे फ्रिजवरचा लोहचुंबक. चाकूच्या पात्याला तो घट्ट चिकटला पाहिजे. चिकटला म्हणजे चाकू चांगलाच, असं नाही. पण चिकटला नाही, तर तो चाकू कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका. आमच्या काउंटरवर लोहचुंबक ठेवलेला आहे, खुशाल लावून बघा.

कडकपणा रॉकवेल मापाने मोजतात आणि बऱ्याच चाकूंच्या खोक्यावर तो आकडा असतो. ५२-५३ पर्यंतचं पातं मऊ समजा. धार पटकन लागते आणि पटकन जाते. ५५ ते ५८ हा आपल्या घरांसाठी योग्य पट्टा, असं आमचं स्पष्ट मत आहे. जर्मन पद्धतीच्या चाकूंवर १.४११६ हा आकडा दिसला तर ते याच पट्ट्यातलं स्टील: साधारण अर्धा टक्का कार्बन, पंधरा टक्के क्रोमियम. जपानी व्हीजी-१० या स्टीलमध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो आणि कडकपणा ६० च्या घरात जातो. त्याची धार खूप दिवस टिकते, पण असं पातं ठिसूळही असतं. कैरीच्या कोयीवर किंवा कोंबडीच्या हाडावर पडलं की धारेचा कपचा उडतो. घरात एकच माणूस जपून वापरणार असेल तर जरूर घ्या. जिथे सासूबाई, सून, मुलं आणि पाहुणे सगळे तोच चाकू उचलतात, तिथे आम्ही तो देत नाही.

खोक्यावरच्या मोठ्या शब्दांना भुलू नका. 'सर्जिकल स्टील' या शब्दाला चाकूच्या बाबतीत ठरलेला असा काही अर्थ नाही. 'जर्मन स्टील' म्हणजे चाकू जर्मनीत बनला असं नव्हे. तिथल्या झोलिंगेन शहराचं नाव मात्र १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. ते त्याच भागात बनलेल्या मालावरच छापता येतं. आणि काकूंच्या चाकूवर होती ती लाटांची नक्षी खऱ्या दमास्कस पात्यात स्टीलचे थर एकत्र ठोकून येते, पण स्वस्त चाकूवर ती नुसती वरून उमटवलेली असते.

साधं कार्बन स्टील, म्हणजे लोहाराकडचं काळं पातं, आम्हाला मनापासून आवडतं. धार चटकन घेतं आणि तेजही असतं. पण लिंबू, चिंच, टमाटर लागले की काळं पडतं आणि पावसाळ्यात ओलं राहिलं तर एका रात्रीत तांबेरा धरतं. वापरून लगेच धुवून पुसायची सवय असेल, तरच त्याच्या वाटेला जा.

सिरॅमिकचा पांढरा चाकू फळांपुरता ठीक. पडला तर तुटतो आणि घरच्या दगडावर त्याला धार लागत नाही. करवतीसारख्या दातांचा चाकू पावाला उत्तम, टमाटरालाही चालतो, पण त्या दातांनाही घरी नीट धार लावता येत नाही. बाजारात रंगीत मुठीचे करवती चाकू ढिगाने विकले जातात ते याच कारणाने: सुरुवातीला भराभर कापतात, मग फेकून नवा घ्यावा लागतो.

किती चाकू लागतात? दोन. आठ इंची पात्याचा एक मोठा, आणि साडेतीन इंची एक लहान. मोठ्याने कांदा, कोबी, कोहळं, पालेभाजी. लहान्याने आलू सोलणं, मिरचीचे देठ, हातात धरून करायची बारीक कामं. ओटा लहान असेल किंवा हात लहान असेल तर आठऐवजी सहा-सात इंची घ्या. सात तुकड्यांचा लाकडी ठोकळ्यातला सेट भेट म्हणून छान दिसतो, पण त्याच पैशात एक खरा चाकू आणि एक धारेचा दगड येतो. सेट विकण्यात आमचा फायदा जास्त आहे, तरी आम्ही हेच सांगू.

चाकू हातात घेतल्याशिवाय घेऊ नका. मूठ सगळ्या बोटांनी आवळू नका; अंगठा आणि पहिलं बोट पात्यावर, मुठीच्या अगदी पुढे चिमटीत धरा, उरलेली तीन बोटं मुठीवर. मग पातं काउंटरवर टेकवा. बोटांची पेरं काउंटरला आपटतात का? आपटत असतील तर पातं अरुंद आहे. मुठीजवळ पात्याची उंची साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असली की पेरं मोकळी राहतात. तेलकट, ओल्या हातात मूठ घसरते का, तेही बघा. आम्ही हात ओला करायला पाणी देतो, संकोच करू नका.

पात्याचं स्टील मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल तर चाकू वर्षानुवर्षं टिकतो. मुठीच्या कडेने स्टीलची रेघ दिसते, बहुधा तीन रिव्हेटही दिसतात. रिव्हेटवरून नख फिरवा. नख अडकलं तर फट आहे, आणि फटीत पाणी आणि पीठ साचतं. आणखी एक बारकावा: काही चाकूंना मूठ आणि पातं यांच्यामध्ये जाड धातूचा गट्टू असतो आणि तो थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. मजबूत दिसतो, पण दगडावर घासताना तो आडवा येतो. काही वर्षांत पातं झिजतं, गट्टू तसाच राहतो आणि मुठीजवळची धार पाटाला टेकेनाशी होते. गट्टू अर्ध्यावर थांबलेला असेल, किंवा नसेलच, तर उत्तम.

आयुष्यभर विळीवर चिरलेल्यांना चाकू अवघड वाटतो, यात नवल नाही. विळीवर पातं स्थिर आणि भाजी हलते, चाकूत उलट. विळी वाईट आहे असं आम्ही कधीच म्हणणार नाही. नारळ खोवायला तिला तोड नाही. पण गुडघे दुखू लागले आणि खाली बसवेना, म्हणून ओट्याकडे वळलेल्या अनेक काकू-मावशा आमच्याकडे येतात. त्यांना आमचं सांगणं इतकंच: पहिले पंधरा दिवस फक्त काकडी आणि आलू चिरा. डाव्या हाताची बोटं आत वळवा, पातं पेरांना घासत खाली जाऊ द्या, आणि चाकूचं टोक पाटावरून उचलूच नका.

चाकू कशावर चालवता, याने धारेचं निम्मं आयुष्य ठरतं. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं ताट, काचेचा पाट, तिन्ही धारेचे वैरी. ग्रॅनाइटमधली गारगोटी चाकूच्या स्टीलपेक्षा कडक असते. लाकडी किंवा साधा प्लास्टिकचा पाट घ्या, खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे सरकत नाही. मटण-चिकनसाठी पाट वेगळा. आणि हाडं मटणवाल्याकडूनच तोडून आणा. त्याचा ओंडका आणि त्याचा सत्तूर त्यासाठीच असतात.

आता धार. लोखंडी सळई, जिच्यावर खाटीक चाकू परजतो, ती धार लावत नाही. वाकलेली धार सरळ करते. आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके हात पुरेत. धार खरोखर झिजली की दगड हवा. १००० नंबरचा एक दगड घरासाठी पुरतो. पाण्यात भिजवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. चाकूची पाठ दगडापासून साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर उचला. साडेचार सेंटिमीटर उंचीच्या पात्याला यात पंधरा ते वीस अंशांचा कोन मिळतो. एकच बाजू घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेला बोटाच्या पेराला बारीक खरखर लागेपर्यंत. बोट धारेवरून बाहेरच्या दिशेने न्या, धारेच्या लांबीने कधीही नको. खरखर लागली की बाजू बदला. घरच्या वापराला तीन-चार महिन्यांतून एकदा हे केलं तरी चाकू तेज राहतो.

सायकलवर साण फिरवणाऱ्या भाऊंकडून धार लावून घेत असाल तर एवढंच बघा, पातं मधूनमधून पाण्यात बुडवतात का. ठिणग्या उडेपर्यंत कोरडं घासलं की धारेचं दिलेलं पाणी उतरतं. तिथे निळसर-तपकिरी डाग पडला तर तेवढी धार मऊ झाली, आणि तो भाग पुरता घासून काढेपर्यंत तशीच राहते.

धुण्याबद्दल थोडक्यात: वापरला की लगेच धुवा, पुसा, जागेवर ठेवा. मिठाच्या पाण्यात किंवा चिंचेच्या कोळात पडून राहिला तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात. खरकट्या भांड्यांच्या ढिगात चाकू टाकू नका. भांडी घासणाऱ्या मावशींचा हात त्यात जातो. पात्याला तारेची घासणी नको, डिशवॉशर नको, आणि ड्रॉवरमध्ये चमच्यांसोबत मोकळा नको. दुसऱ्याला देताना हातात न देता ओट्यावर ठेवा. आजी म्हणायची, हातात दिला की भांडण होतं. तिचं ऐकलेलं बरं.

लाकडी मूठ घेतली असेल तर नागपूरच्या मे महिन्यात तिची काळजी घ्या. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, रिव्हेट वर आल्यासारखे लागतात, चीरही पडते. आपल्या विदर्भातलं जवसाचं तेल यावर चांगलं. बोटावर थेंबभर घेऊन मुठीत जिरवा, अर्ध्या तासाने पुसा, दोन दिवस वाळू द्या. एक सावधगिरी: ज्या फडक्याने पुसलं ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना आपोआप तापतं आणि गोळा केलेलं फडकं पेट घेऊ शकतं. ते मोकळ्या जागी पसरून वाळवा, मग टाका. पात्याला हे तेल लावू नका, चिकट थर बसतो. पावसाळ्यात कार्बन स्टीलच्या पात्यावर खोबरेल तेलाचा पुसट हात पुरे.

खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आधी घरचे सगळे चाकू, विळी, कात्री एकदा दिव्याखाली धरून बघा. जिथे रेघ चमकेल ते बाजूला काढा, जाड कागदात गुंडाळा, टोकाला पुठ्ठा बांधा आणि आमच्याकडे घेऊन या, कुठूनही घेतलेले असले तरी. धार लावण्यासारखा असेल तर लावून देऊ, नसेल तर तसं तोंडावर सांगू. नवा घ्यायचाच असेल तर येताना घरचा एक कांदा आणि एक टमाटर घेऊन या. पाट आमच्याकडे आहे.