पुढे बार, मागे भटारखाना

नागपुरातल्या बहुतेक परमिट रूममध्ये दारूचा हिशेब चोख असतो. बाटल्या किती आल्या, किती संपल्या, सगळं रोजच्या रोज रजिस्टरमध्ये चढतं. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, नोंद चुकली तर गाठ कोणाशी आहे हे मालकाला ठाऊक असतं. मागच्या अंगाला मात्र वीस लिटर ग्रेव्हीचं पातेलं दुपारपासून ओट्यावर उभं राहतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. हा फरक आळसाचा कमी आणि कायद्याच्या वाटचालीचा जास्त आहे.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. तो 1 जून 1955 ला लागू झाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्याआधी प्रांताप्रांताचे वेगळे कायदे होते, ते याने मोडीत काढले. नवा कायदा नमुन्याभोवती फिरायचा: निरीक्षकाने नमुना घ्यायचा, तीन भाग करून सील करायचे, एक भाग तपासणीला. दुधात पाणी, तिखटात रंग, तुपात डालडा पकडायला हे ठीक. अस्वच्छतेचा उल्लेख कायद्यात होता, पण कच्चं चिकन कापलेल्या पाटावरच कांदा चिरला, ही चूक सीलबंद बरणीत कशी सापडणार?

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. बारचे परवाने आजही निघतात ते 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली. (बार चालतो दारूबंदीच्या कायद्यावर, यातली गंमत नव्या मॅनेजरला समजावून सांगावी लागते.) थोडक्यात, पुढच्या काउंटरला एक खातं आणि मागच्या चुलीला दुसरं, अन्न व औषध प्रशासन. दोघांच्या वह्या कधी एका टेबलावर आल्या नाहीत.

पदार्थ झाल्यावर तपासण्याऐवजी तो होताना कुठे बिघडू शकतो ते आधी हेरायचं, ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेत आली. अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनीने नासासोबत ती बसवली, तिचं नाव हॅसप. 1993 मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने ती स्वीकारली. आपल्याकडे अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. नियमांच्या अनुसूची 4 मध्ये भटारखान्यासाठी वेगळा भाग आला. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडसारख्या आजारांची लस, पाण्याची तपासणी, कीडनियंत्रण हे सगळं त्यात आहे. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली ठेवायचा, गोठवलेला उणे 18 किंवा त्याखाली.

मेमध्ये बाहेर पारा 45 ला टेकतो, तेव्हा चुलीजवळचं पातेलं आपोआप निवण्याची आशा सोडावी. खोल पातेल्यातली ग्रेव्ही मधोमध तासन् तास कोमट राहते, आणि 5 ते 60 अंशांच्या मधला टप्पा जंतूंना सगळ्यात मानवतो. ती दोन इंच खोलीच्या ट्रेमध्ये ओतावी, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, अधूनमधून हलवावं. दोन तासांत 21 अंशांखाली आणि पुढच्या चार तासांत 5 पर्यंत, हे माप धरावं. गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये ढकललं तर शेजारचं दही आणि मॅरिनेट केलेलं चिकनही गरम होतं. फ्राइड राइसच्या भाताचं हेच: भातातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, भात ओट्यावर राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा परतला तरी जात नाही.

बिघाडाची दुसरी जागा ‘हाफ फ्राय’. संध्याकाळी चिकन लॉलीपॉप अर्धवट तळून ठेवायचे, ऑर्डर आली की दोन मिनिटं कढईत. बाहेरचं आवरण लाल होतं, हाडाजवळ 75 अंश पोचतच नाहीत. पहिल्याच वेळी पूर्ण शिजवून लगेच थंड करणं हाच उपाय. तंदूरवर कच्च्या टिक्क्याला तेल लावलेला ब्रश शिजलेल्या टिक्क्यावर फिरतो, तोही बदलावा.

2017 मध्ये फॉस्टॅक हे अन्न सुरक्षेचं सरकारी प्रशिक्षण आलं. नियम असा की दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. मूलभूत वर्ग चार तासांचा, पुढचा आठ तासांचा. अडचण अशी की प्रमाणपत्र मॅनेजरच्या नावावर भिंतीला लागतं आणि भांडी घासणारा पोरगा तीन महिन्यांत बदलतो. शिवाय शिकवलं जातं छापील तक्त्यावरून, तर नागपूरच्या भटारखान्याची बोली हिंदी-मराठी मिसळीची. नवा हेल्पर आला की पहिल्याच दिवशी हातात थर्मामीटर द्यावा आणि बर्फाच्या पाण्यात 0 दाखवतो का ते त्यालाच बघायला लावावं. पाट निर्जंतुक करायला 5 टक्के हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) लिटरला 2 मिली म्हणजे 100 पीपीएम, दहा लाखांत 100 भाग. भाजीला 1 मिली, मग साध्या पाण्याने धुवावी. सकाळी कालवलेली बादली रात्रीपर्यंत चालत नाही, उन्हाळ्यात क्लोरीन उडून जातो. साबण आधी, धुवून मग क्लोरीन. दोन्ही एका बादलीत टाकले तर काम होत नाही.

1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना तयार होणारे) 25 टक्क्यांपर्यंतच चालतात. फेस टिकून राहिला, तेल काळं आणि चिकट झालं की मोजायची वेळ आली. जुन्यात नवं ओतत राहणं ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते.

आणि बर्फ. त्याच वर्षी न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम झाला. मासे थंड ठेवायला आणलेली लादी फोडून ग्लासात टाकली, तर आता रंग चुगली करतो. ग्लासनेच बर्फ उपसायची सवय मात्र रंगाने दिसत नाही. काच टवकली तर पूर्ण पेटी रिकामी करून धुवावी लागते, म्हणून दांड्याचा स्कूप पेटीबाहेर स्वतंत्र डब्यात ठेवायचा.