15 ऑगस्ट 1947 ला नागपुरात नेमकं काय बदललं?

1947 मध्ये नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. 14 ऑगस्टला प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, कोण, तर पंडित रविशंकर शुक्ल, आणि 15 ऑगस्टला कोण, तर तेच, 1946 च्या निवडणुकीनंतर खुर्चीवर बसले ते तसेच पुढे चालू राहिले. गव्हर्नर मात्र बदलले, इंग्रज साहेब गेले अन् मंगलदास पकवासा आले. कोर्ट तेच, पटवारी तोच. वसाहत स्वतंत्र होते म्हणजे काय होतं हे समजून घ्यायचं तर माझ्या मते या दिवसाच्या बऱ्याच मागे जावं लागतं.

मॅक्स वेबर या जर्मन अभ्यासकाने 1919 मध्ये राज्याची एक व्याख्या मांडली, ती अजूनही शिकवतात. ठरावीक प्रदेशात बळ वापरायचा हक्क फक्त आपलाच असं जी संस्था सांगते आणि ते लोकांना मान्य करायला लावते, ते राज्य. आता हिशोब बघा, आयसीएसचे, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरच्या प्रशासकीय सेवेचे, अधिकारी साधारण हजार-बाराशे, त्यातही शेवटी शेवटी जवळपास निम्मे भारतीय, आणि 1941 च्या जनगणनेत लोकसंख्या 38 कोटींच्या वर. म्हणजे शिपाई, कारकून, पोलीस, वकील सगळे आपलेच, आणि साम्राज्य चाललं होतं ते या लोकांनी रोज सकाळी उठून कामावर जायचं ठरवलं म्हणून.

डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं, तिथे असहकारावर शिक्कामोर्तब झालं, म्हणजे हीच मान्यता काढून घ्यायची. पण मला त्याच अधिवेशनातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तिथे काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. चार आणे वर्गणी, गावापासून वरपर्यंत कमिट्या, वर 15 जणांची कार्यकारिणी, आणि प्रांतिक कमिट्या इंग्रजांच्या प्रांतांप्रमाणे न करता भाषेप्रमाणे! इंग्रजांच्या नकाशावर नागपूर हिंदी भागासोबत एकाच प्रांतात, काँग्रेसच्या नकाशावर मराठी भागाची कमिटी वेगळी. एका सरकारच्या आत दुसरं सरकार वाढायला लागलं होतं. अमेरिकेतही असंच झालं, स्वातंत्र्याचा जाहीरनामा 1776 चा पण वसाहतींची काँग्रेस 1774 लाच बसली होती.

मग 1923 चा झेंडा सत्याग्रह, तोही आपल्याच नागपुरात. चरख्याचा झेंडा घेऊन साहेब लोकांच्या वस्तीत, सिव्हिल लाइन्समध्ये, मिरवणूक न्यायला बंदी होती, तर लोक रोज तुकड्या-तुकड्यांनी निघायचे, अटक व्हायचे, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तयार. जमनालाल बजाज पकडले गेले तेव्हा वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हातात घेतली आणि 18 ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेलाच. सरकार एका कापडाला एवढं का घाबरलं? कारण साहेबांच्या बंगल्यांसमोरून कोणी दुसऱ्याच सत्तेचं निशाण घेऊन जातो आणि सरकार त्याला थांबवू शकत नाही हे एकदा लोकांनी बघितलं की वेबरच्या व्याख्येतली मान्यता तिथेच सुटायला लागते.

पुढे 1937 मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, डॉ. ना. भा. खरे प्रीमियर झाले. अधिकार अर्धवट होते पण बजेट, फायली, खात्यांची भांडणं याची प्रॅक्टिस मिळाली.

ही प्रॅक्टिस मिळालीच नाही तर काय होतं ते आफ्रिकेतल्या काँगो या बेल्जियमच्या वसाहतीत दिसलं. 30 जून 1960 ला बेल्जियम गेलं तेव्हा सैन्यातले अधिकारी सगळे बेल्जियन होते. 5 जुलैला त्यांच्या जनरल यान्सेन्सनी फळ्यावर लिहिलं, स्वातंत्र्याआधी = स्वातंत्र्यानंतर, म्हणजे सैन्यात काहीच बदलणार नाही. त्याच दिवशी सैनिकांनी बंड केलं आणि 11 जुलैला खाणींचा श्रीमंत कटांगा प्रांत फुटून निघाला. पंतप्रधान लुमुंबांना सरकार उभारायला दोन आठवडेसुद्धा मिळाले नाहीत, आणि पुढच्या जानेवारीत त्यांचा खून झाला. हे वाचताना दर वेळी पोटात तुटतं.

अर्थात आपल्याकडेही सगळं सुरळीत झालं असं म्हणणं म्हणजे पंजाब आणि बंगालच्या लोकांवर अन्याय. फाळणीचा प्लॅन 3 जूनला जाहीर झाला, सीमारेषा तर 17 ऑगस्टला, दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर. मधल्या काळात अनेक गावांत बळ वापरायचा हक्क कोणाचा याचं उत्तरच नव्हतं.

कायद्याची नाळ तर त्यानंतरच तुटली. 15 ऑगस्टनंतरही भारत डोमिनियन, म्हणजे कारभार स्वतःचा पण राजा ब्रिटनचा असा देश, होता आणि राजा जॉर्ज सहावा. संविधान सभेने संविधान गव्हर्नर जनरलकडे मंजुरीला पाठवलंच नाही, आणि कलम 395 ने ज्या ब्रिटिश कायद्याने आपल्याला स्वातंत्र्य दिलं तोच 1947 चा कायदा रद्द केला. म्हणजे यापुढे आमच्या राज्याचं मूळ लंडनच्या पार्लमेंटमध्ये शोधू नका, ते इथल्या लोकांत आहे! मला हे संविधानातलं सगळ्यात धाडसी कलम वाटतं. कॅनडाला अशी मोकळीक मिळायला 1982 उजाडलं.

पण कलम 372 ने जुने कायदे चालू ठेवले, नाहीतर 26 जानेवारी 1950 ला कोर्टांकडे निकाल द्यायला कायदाच उरला नसता. त्यातला इंडियन पीनल कोड 1860 चा, तो जाऊन भारतीय न्याय संहिता आली 1 जुलै 2024 ला. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आजही कोर्टात 1860 च्याच कलमांखाली चालतात.