"बेस्ट" टीम वेगळी आणि "हक्काची" टीम वेगळी, किती वेळा सांगायचं

दर डिसेंबरला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) प्लेऑफच्या टीम्स जाहीर झाल्या की इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर तोच तमाशा. एक म्हणतो "हीच बेस्ट आहे", दुसरा म्हणतो "अरे पण ती एकही मॅच हरली नाहीये ना!" आणि मग रात्रभर मेसेज. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

हक्काची म्हणजे काय ते आयपीएल बघणाऱ्याला सांगायला नको. 14 मॅच, पॉइंट्स मोजा, पहिले चार आत. कोणाचा बॉलर जखमी आहे ते टेबल विचारत नाही. झालं.

बेस्ट म्हणजे उद्या मैदानात उतरले तर कोण जिंकेल, म्हणजे अंदाज. इथे 130 च्या वर टीम्स, सीझनला जेमतेम 12 मॅच, बहुतेक जणी एकमेकींशी खेळतच नाहीत, म्हणून टेबल लावता येत नाही आणि 13 जणांची कमिटी बसते. तिला सांगितलंय बेस्ट टीम निवडा, आणि त्याच नियमांत कॉन्फरन्सचं (म्हणजे टीम्सच्या गटाचं) विजेतेपद, शेड्यूल किती अवघड होतं, समोरासमोर कोण जिंकलं हेही बघा म्हणून लिहिलंय, म्हणजे कमाई (हक्काची बाजू), आणि वर महत्त्वाचा खेळाडू नसेल तर तेही धरा, म्हणजे परत अंदाज! घोळ इथेच आहे.

2023 आठवा. फ्लोरिडा स्टेट 13-0, म्हणजे कॉन्फरन्सची फायनल धरून तेराच्या तेरा मॅच जिंकलेली, एसीसी या कॉन्फरन्सची चॅम्पियन. नोव्हेंबरात तिचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसच्या पायाला जबर दुखापत झाली, तरी पोरांनी फ्लोरिडाला (ही वेगळी टीम) हरवलं, मग तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक उतरवून लुईव्हिलला 16-6 ने हरवलं आणि एसीसीची फायनल खिशात घातली. तेव्हा प्लेऑफमध्ये चारच जागा होत्या. चौथी मिळाली अलाबामाला, जी सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर टेक्सासकडून 34-24 हरली होती, पण शेवटी जॉर्जियाला हरवून आली होती. कमिटीने अंदाज निवडला, कमाई नाही. पत्रकारांच्या एपी पोलमध्ये फ्लोरिडा स्टेट चौथीच होती, पण एपी पोलने प्लेऑफमध्ये कोणी जात नाही, तेवढाच फरक, त्यावर भांडू नका.

आणि कृपा करून "बघा, नंतर जॉर्जियाने 63-3 धुतलं, कमिटी बरोबरच होती" हे बंद करा!! ती प्लेऑफबाहेरची 'ऑरेंज बोल' नावाची मॅच, तिच्यात फ्लोरिडा स्टेटचे ढीगभर खेळाडू उतरलेच नव्हते. आणि समजा सगळे खेळून हरले असते तरी त्यातून फक्त एवढंच निघालं असतं की ती बेस्ट नव्हती. तिने जागा कमावली होती की नाही हा प्रश्न तिथेच राहतो. माझ्या मते कमावली होती. सगळ्या मॅच जिंकूनही बाहेर राहायचं तर मग सीझन खेळायचाच कशाला, सरळ अंदाजच लावा की.

2024 पासून 12 टीम्स झाल्या, आता वाद मिटला म्हणे. मिटला कुठे, खाली सरकला. पाच कॉन्फरन्स चॅम्पियनना जागा पक्की, म्हणजे हक्क थोडा तरी नियमात आला, म्हणून पहिल्याच वर्षी कमिटीच्या यादीतली सोळाव्या नंबरची क्लेम्सन आत आणि अकराव्या नंबरची अलाबामा बाहेर. आणि त्या रात्री ग्रुपवर पहिला मेसेज काय आला? "पण अलाबामा बेस्ट आहे ना यार."